आज किती वेळा ओरडले

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी गोदाला तिच्या कंपनीनं दिली. वर सोनेरी इंग्रजी अक्षरं, आत एका दिवसाला एक पान. गोदा माझी नात. शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लाइनवर टीम लीडर आहे, हाताखाली बावीस माणसं. वय चोवीस. माझं वय सहासष्ट, हाताखाली बारा बाया, आणि ही मला शिकवायला निघाली.

काल जेवताना म्हणाली, "आजी, तू दिवसातून किती वेळा ओरडतेस, तुला माहीत तरी आहे का?"

मी म्हणलं, "चार-पाच वेळा. तेही काम असतं म्हणून."

तिला हसून ठसका लागला. पाणी प्याली आणि ही डायरी पुढं सरकवली. "मोज. रोज लिही. मला दाखवू नको."

म्हणून लिहिते. तिला खोटं पाडायला. चौथी शिकलेय, अक्षर घाण आहे, पण माझं मला वाचता आलं म्हणजे झालं.

घरामागं पत्र्याचं शेड आहे. पहाटे पाचला भट्ट्या पेटतात. साडेदहाला कडूबाचा टेम्पो हजार भाकरी घेऊन दुसऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनला जातो. कंपनीत गावाकडची माणसं, त्यांना चपाती चालत नाय. एकोणीस वर्षं झाली, एक दिवस टेम्पो चुकला नाय. हे गोड बोलून झालं का? बाईला मोकळं सोडलं की ती गप्पा मारते, भाकरी तव्यावर करपते. माझा आवाज ऐकला की हात चालतात. ही माझी पद्धत.

आज आवडाबाई सगळ्यांपुढं म्हणाली, "मामी, उकळीचं पाणी कमी पडतंय, कडा तडकायल्यात." मी म्हणलं, "तू जन्मली नव्हती तवापासून भाकरी थापते मी." तर म्हणते, "थापा की, पण पाणी कमीच हाय." हातात चहाचा पेला होता, माझा एकटीचा, निळ्या रेघेचा काचेचा. बायांना स्टीलचे आहेत. तो भिंतीवर गेला, पीठ मळायच्या ओट्याच्या वर. भागूबाईनं लगेच झाडून घेतलं. भागूबाई बरी. बोलत नाय.

आवडी गेल्यावर पाणी वाढवलं. कडा नीट आल्या. तिला सांगितलं नाय.

ओरडणं: सतरा. पेल्याचं वेगळं धरायचं का कळेना. नाय धरलं.

७ जानेवारी, मंगळवार

आज वाईट झालं.

टेम्पो जाऊन दोन तास झाले तोवर श्रीधर साहेब आले. हे कॅन्टीनचे साहेब. बारीक माणूस, चष्म्यावरून बघतात, आवाज कधी चढवत नायत. त्यामुळं मला त्यांची कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. शेडात आले, खुर्ची दिली तरी बसले नायत. फोनवर फोटो दाखवला. भाकरीत काच. अर्ध्या नखाएवढा तुकडा, त्याला पीठ चिकटून करपलेलं. एका कामगाराची हिरडी कापली. रक्त आलं, पण माणूस बरा आहे.

मी म्हणलं, "साहेब, कोणी केलं ते आज संध्याकाळच्या आत काढते. त्या बाईला उद्या दारात उभी करत नाय."

ते म्हणाले, "मनकर्णाबाई, कोणाला काढलं ते मला नका सांगू. परत होणार नाही यासाठी काय बदललं, ते दाखवा. अठ्ठावीस तारखेला मी आणि आमच्या क्वालिटीच्या मॅडम बघायला येऊ. तोवर ऑर्डर चालू. पुढचं मॅडम ठरवतील."

शहरात मशीनच्या चपात्यावाले टपून बसलेत. ऑर्डर गेली की हे शेड म्हणजे नुसते पत्रे. बारा घरांच्या चुली यावर आहेत, तेरावी माझी.

साहेब गेले आणि मी बायांना ओळीत उभं केलं. संक्रांत तोंडावर आहे, सगळ्यांनी कासाराकडं नव्या बांगड्या भरलेल्या. म्हणलं, करा हात पुढं. मोजल्या. आवडाबाईच्या उजव्या हातात एक कमी.

"कुठं गेली?"

"धुणं धुताना फुटली. घरी."

"घरी का माझ्या पिठात?"

"घरी म्हणलं ना मामी. आन् मला एकटीलाच कामून इचारता? काच काय बांगडीचीच असती व्हय?"

उलट बोलली. काढून टाकली. जाताना पदर खोचून गेली, मागं बघितलं नाय. बाकीच्या अकराजणी खाली बघत होत्या. म्हणलं, बरं झालं, धाक बसला.

साहेब म्हणाले काय बदललं ते दाखवा. बाई बदलली, दाखवीन.

ओरडणं: मोजलं नाय. मोजण्यासारखा दिवस नव्हता.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी सांगितलं, उद्यापासून शेडात कोणाच्या हातात बांगडी नको. आशाबाई म्हणाली, "अवं मामी, संक्रांतीच्या आठ दिवस आधी सवाष्णीनं हात उघडे करायचे? सासू घरात घेईल का?" मी म्हणलं, माझे हात पस्तीस वर्षं उघडे आहेत, मला काय झालं? तर सगळ्या गप्प. मला वाटलं पटलं.

दुपारी आशाबाई एकटी मागं आली, हळूच म्हणाली, "मामी, तुमचं येगळं हाय."

माझं वेगळं आहे ते मला माहीत आहे. माझ्या फोडल्या तेव्हा कोणी विचारलं नव्हतं सासू घरात घेईल का.

ओरडणं: चौदा.

९ जानेवारी, गुरुवार

तिघी आल्याच नायत. मी स्वतः तव्यावर बसले. पाठीचा कणा मोडायला आला, पण टेम्पो साडेदहालाच गेला. जे कोणी वाट बघत असतील मी पडायची, त्यांनी बघत बसावं.

ओरडणं: नऊ. बाया कमी होत्या म्हणून.

१० जानेवारी, शुक्रवार

कालच्या तिघी आज आल्या, बांगड्या घरी काढून ठेवून. गोदा आज दुसऱ्या पाळीला होती, म्हणून सकाळी शेडात येऊन बसली. बघत होती नुसती. टेम्पो गेल्यावर म्हणाली, "आजी, आवडाकाकूनं केलं हे तुला कोणी सांगितलं?"

"हातात बांगडी कमी होती."

"म्हणजे कोणी नाय सांगितलं. आमच्याकडं काय चुकलं तर 'कोणी केलं' विचारायचं नाय. 'कसं झालं' विचारायचं."

"का? कोणी केलं ते देवानं केलं का?"

मग तिनं तिच्या लाइनचं सांगितलं. तिथं डोक्याच्या वर एक दोरी आहे म्हणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणालाही काही चुकीचं दिसलं की ओढायची. कालच्या नव्या पोरीनं ओढली तरी चालती. दिवा लागतो, सगळी लाइन उभी राहती.

मी म्हणलं, "आणि ओढणाऱ्याला काय करतात?"

"मी पळत जाते. आधी म्हणते, बरं केलं ओढली. मग बघते काय झालंय."

"आणि उगाच ओढली असली तर?"

"तरी म्हणते बरं केलं."

"तुमची कंपनी बुडणार."

"दुसरं युनिट टाकायलेत, आजी."

मला राग आला तो कंपनीचा नाय. पोरगी सांगताना आवाज सुद्धा चढवत नव्हती. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, माझ्यासारखाच बोलतो. ही कोणावर गेली कळत नाय. श्रीधर साहेबांच्या जातीची झाली, हळू बोलणाऱ्यांच्या.

तिला विचारलं, तुला पोरं घाबरतात का? म्हणाली, "पहिल्या महिन्यात घाबरत होती. तेव्हा मला कोणी काय सांगायचंच नाय. सगळं माहीत होईपर्यंत माल परत यायचा." मी म्हणलं, माझ्याकडं तसं नाय, माझ्यापासून काही लपत नाय.

ती चहा पीत राहिली.

ओरडणं: अकरा. त्यातलं एक गोदावर, ते इथं धरायचं नाय खरं म्हणजे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

दरवर्षी दुपारी बाया तिळगूळ द्यायला येतात, ओटा भरतो. यंदा डबा भरून लाडू केले. दोन वाजले, तीन वाजले. रस्त्यानं नटून जाताना दिसत होत्या, समोरच्या द्वारकाबाईकडं हळदीकुंकू. मला हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाय, त्याचं काय नाय. पण लाडू घ्यायला यायला काय झालं?

चारच्या सुमाराला भागूबाई आली. एकटी. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. लाडू घेतला, हातातच धरून ठेवला. शेडाच्या दारातून आत फळीवर बघत होती, माझा पेला असायचा तिथं.

"मामी, तुमचा तो पेला..."

मी म्हणलं, "फुटला तो फुटला. नवा आणीन. त्यासाठी तोंड बारीक करू नको."

ती अजून थोडी उभी राहिली. मग "येते" म्हणाली आणि गेली. लाडू खाल्ला नाय, पदरात बांधला. नातवाला नेला असेल. इतक्या वर्षांत ती आपणहून कधी काय बोलली नव्हती, आणि बोलली तर काय, पेला.

बारातली एक आली. ती तरी आली.

ओरडणं: सुट्टी होती.

१६ जानेवारी, गुरुवार

गोदा मागं लागली म्हणून तिच्या कंपनीसारखी सकाळची मिटिंग घेतली. बायांना गोल उभं केलं, मी मधे. गोदानं सांगितलेलं वाक्य पाठ केलं होतं. म्हणलं, "कोणाला काय अडचण असेल, काय चुकत असेल, मोकळेपणानं बोला. मी ओरडणार नाय."

कोणी बोलेना. भट्टीचा आवाज तेवढा. मी परत म्हणलं, "बोला!" आशाबाई म्हणाली, "सगळं झकास हाय मामी."

म्हणलं, बाकीच्या? सगळ्यांनी माना हलवल्या. झकास.

संध्याकाळी गोदाला सांगितलं, बघ, कोणाची तक्रार नाय. तर विचारते, "आजी, तू कुठं उभी होतीस?" मधे. "हातात काय होतं?" उलथनं होतं, भाकरी चालू होत्या ना. तिनं कपाळाला हात लावला.

ओरडणं: सात. कमी होतंय. गोदाला मुद्दाम सांगितलं नाय.

१८ जानेवारी, शनिवार

श्रीधर साहेबांनी सहीला बोलवलं होतं. कडूबाच्या टेम्पोत पुढं बसून गेले. कॅन्टीनच्या मागं त्यांचं ऑफिस. कागद पुढं केला, मराठीत होता. त्या दिवशी काय झालं, कारण काय, काय बदललं. कारणाच्या पुढं त्यांनी मी फोनवर सांगितलेलं लिहिलं होतं, बांगडीचा तुकडा. बदल: बांगड्या बंद. खाली माझं नाव.

कागदाला पिनेनं प्लास्टिकची बारकी पिशवी लावलेली होती. त्यात तुकडा. त्यांनी तो धुवून ठेवला होता. फोटोत पीठ होतं त्यावर. आज नव्हतं.

बांगडी गोल असते. हा सपाट. पांढरा, आणि कडेला निळी रेघ.

मी सही केली.

कारण बांगडीचा तुकडा, खाली मनकर्णा. केली मी सही. साहेब म्हणाले, बसा, चहा घ्या. मी म्हणलं, टेम्पो थांबलाय. रस्त्यात कडूबा काय तरी सांगत होता, त्याच्या मेव्हण्यानं पाचोडच्या बाजारात घेतलेल्या बैलाचं, मला एक शब्द आठवत नाय.

ओट्यावर परात उघडी होती त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचं पीठ आदल्या दिवशीच चाळून ठेवतो आम्ही, त्या परातीत. वरून पेला फुटला.

घरी न जाता भागूबाईकडं गेले. ती अंगणात वाळवण उचलत होती. म्हणलं, "पेल्याचं तुला माहीत होतं?"

"व्हय."

"झाडताना दिसलं?"

"एक टवका सापडंना. परात पण बघितली, नाय दिसला. मंग दुसऱ्या दिशी साहेब आले."

"आणि बाकीच्यांना?"

ती परत वाळवणाकडं वळली. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. अकराजणींना. बाराव्या आवडीला सुद्धा, म्हणून ती म्हणत होती काच काय बांगडीचीच असती का. तिनं तर तोंडावर सांगितलं मला.

मी म्हणलं, "मग तू कामून बोलली नाय मला?"

भागूबाई माझ्याकडं बघून म्हणाली, "आवडी बोलली ना. तिचं काय झालं?"

ओरडणं: एकही नाय.

१९ जानेवारी, रविवार

रात्रभर काय करू काय करू झालं असं लिहिणार नाय. झोप लागली. उठले तेव्हा ठरलेलं होतं.

आवडाबाई द्वारकाबाईच्या रानात कांदे लावायला जाते आता. बांधावर गेले. बाया वाफ्यात वाकलेल्या. आवडीनं मला बघितलं आणि ओळ पुरी करायला घेतली. मी उभी. ती ओळ संपली, दुसरी धरली. ऊन तापायला लागलं. मला कोणी उभं करून ठेवायची ही पहिली वेळ. मी तिथंच उभी राहिले, पाय दुखले तरी बसले नाय.

मग आली. हाताला चिखल, बांगड्या तशाच.

मी म्हणलं, "काच माझ्या पेल्याची होती."

"मला कामून सांगता? मला ठाव हाय."

"तू परत ये."

"कशाला? दुसरा पेला आणला का?"

बाकीच्या बाया वाफ्यात हसल्या. मी गिळलं. माझ्या तोंडात जे आलं होतं ते इथं लिहीत नाय, पण ते मोजलं तर एक भरेल.

ती म्हणाली, "मामी, तुमी मला सगळ्यांच्या पुढं चोर केली. माझा नवरा इचारतो, भाकरीत काच टाकून आली का म्हून. हितं बांधावर एकटीला येऊन सांगितलं, ते कोणी ऐकलं?"

"सगळ्यांपुढं सांगते. उद्या."

"आन् तुमच्या साहेबाला?"

हे मी धरलं नव्हतं. साहेबांपुढं माझी सही आहे. सही खोटी म्हणून सांगायचं आणि वर ऑर्डर मागायची. मी थांबले जरा. ती परत वाफ्याकडं वळली.

मी म्हणलं, "साहेबाला पण."

"मंग येते. आन् पाणी जास्त टाकायचं उकळीला."

म्हणलं, "टाकते. त्याच दिवशीपासून टाकते."

तिनं डोळे मोठे केले. मग पहिल्यांदा हसली, चिखलाचा हात तोंडावर धरून.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी बाराही आल्या. या वेळी मी मधे उभी राहिले नाय, भट्टीपाशी सगळ्यांच्या ओळीत उभी राहिले. हात रिकामे ठेवले. सांगितलं. पेला मी फेकला, तुकडा माझा, आवडीवर आळ मी घातला. एवढंच. लांबवलं नाय.

कोणी रडलं नाय, कोणी पाया पडलं नाय, बरं झालं. आशाबाईनं विचारलं, "मंग बांगड्यांचं काय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणलं, तुम्हीच सांगा.

एक बोलली, मग सगळ्या. बाजारच भरला. शेवटी आवडीनं तोडगा काढला. जुन्या सुती साड्यांच्या बाह्या शिवायच्या, मनगटाला आणि कोपराला रबर. बांगड्या वर सरकवून आत झाकायच्या. फुटली तरी बाहीत राहील. रोज बाही काढताना झटकायची आणि हात मोजायचे. मी एकोणीस वर्षांत हे का नाय काढलं? मला कोणी विचारलं नाय, आणि मी कोणाला विचारलं नाय.

दहा वाजता साहेबांना फोन केला. म्हणलं, साहेब, मी खोटी सही केली. तुकडा माझ्या पेल्याचा. मी रागानं फेकला होता.

ते म्हणाले, "मनकर्णाबाई, मी कागद बदलला तर कारणात हेच लिहावं लागेल. मालकिणीनं रागात काच फेकली. मॅडमच्या हातात तोच कागद असेल."

"तोच असू द्या."

"ऑर्डर जाऊ शकते."

"माहीत आहे. तुम्ही लिहा."

गोदाला विचारलं नाय, तरी संध्याकाळी जुन्या बैलांच्या सामानातली पितळी घंटी काढली, चिंचेनं घासली, शेडाच्या मधोमध टांगली. खाली काथ्याची दोरी, बसलेल्या बाईच्या हाताला येईल एवढी लांब. सांगितलं, काही चुकीचं दिसलं की ओढायची. कोणीही.

ओरडणं: दोन. दोन्ही कडूबावर. टेम्पोत पुसलं नव्हतं.

२३ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस घंटीला कोणी हात लावला नाय. ती टांगलेली आहे आणि बाया तिच्या खालून वाकून जातात, लागू नये म्हणून. पाच दिवसांवर मॅडम आली.

मीच ओढून बघितली, वाजते की नाय. सगळ्यांचे हात थांबले, तोंडं पांढरी. म्हणलं, काय नाय, चालू द्या.

ओरडणं: तीन.

२५ जानेवारी, शनिवार

आशाबाईनं वाजवली. सगळ्या धावल्या. तर म्हणते, "पंखा बंद हाय, लई उकडायलंय."

जानेवारीत. मला जे म्हणायचं होतं ते सगळ्या शेडाला माहीत होतं. आवडी माझ्याकडं बघत होती, भागूबाई परातीकडं बघत होती. दात आवळून म्हणलं, "बरं केलं वाजवली." आशाबाईला हसू फुटलं, मग सगळ्यांना. पंखा लावला. थंडी वाजली सगळ्यांना, पण कोणी बंद करायला सांगितलं नाय.

पोरखेळ आहे. पण मी म्हणलं ते म्हणलं.

ओरडणं: दोन.

२८ जानेवारी, मंगळवार

आज सगळं लिहिते, मग डायरी गोदाला परत.

साडेआठला आले. श्रीधर साहेब आणि मॅडम. मॅडम गोदापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. डोक्याला टोपी, हातात कागद. तोच कागद, बघितला मी. बाह्या बघितल्या, हात मोजले, चाळण्या बघितल्या. घंटीकडं बघितलं, विचारलं काही नाय. बाया गप्प आणि हात भराभर. मला वाटलं, निघालो यातून.

नऊला सहाशे भाकरी झाल्या. जुनं पीठ संपलं. कडूबानं काल नवं पोतं चक्कीवरून आणलं होतं ते उघडून चाळलं. मी स्वतः मळायला घेतलं, मॅडमला दिसावं म्हणून.

घंटी वाजली.

बघते तर भागूबाई. दोरी हातात, चेहरा उतरलेला.

"काय झालं?"

"पिठात कच हाय."

मला माहीत आहे कशानं. चक्कीच्या दगडाला टाकी लावली की पहिल्या दळणात दगडाची बारीक कच येते. पण अजून चारशे भाकरी बाकी, टेम्पो साडेदहाला, मॅडम पुढं उभी. म्हणलं, "तुझे दातच गेलेत भागू. चाळून घेतलंय. चालू दे." आणि परात पुढं ओढली.

"थांबा म्हणलं ना मामी!"

भागूबाई. सोळा वर्षं माझ्याकडं आहे, तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. पत्रा घुमला.

"ठेवा ती परात खाली! घंटी काय शोभेला बांधली व्हय?"

साहेबांनी चष्मा काढला. आवडीनं तवा उतरवून ठेवला. मी भागूबाईकडं बघत होते, ती माझ्याकडं. दोरी तिनं सोडली नव्हती.

परात खाली ठेवली. चिमूट पीठ जिभेवर घेतलं. कच होती. बारीक, पण होती. चाळणीतून जाणारी.

म्हणलं, "बरं केलं."

पोतं बाहेर काढलं. साहेबांना सांगितलं, आज सहाशेच जातील. ते म्हणाले, "आणि बाकीच्या चारशे लोकांना काय?" म्हणलं, भात वाढवा, आणि सांगा भाकरीवालीनं कमी दिल्या, शिव्या मला द्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा टेम्पो कमी भरून गेला. कडूबा दोनदा विचारायला आला, खरंच जाऊ का.

मॅडम भागूबाईपाशी गेली. विचारलं, "आजी, तुम्हाला कसं कळलं?"

"चाखलं. आमी रोज चाखतो."

"मग आधी कधी सांगितलं होतं असं?"

भागूबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाय, वर पण केली नाय. ती म्हणाली, "आधी घंटी नव्हती."

मॅडमनं ते लिहून घेतलं. काय लिहिलं ते दाखवलं नाय.

बाया हात धूत होत्या तेव्हा चहा केला. सगळे पेले स्टीलचे. पहिला भागूबाईला दिला, मी माझ्या हातानं. ती म्हणाली, "साखर कमी हाय." म्हणलं, घंटी वाजव.

चारला साहेबांचा फोन आला. ऑर्डर सहा महिने राहिली, मग परत बघायला येणार. मॅडमनं विचारलंय, त्या घंटीचा फोटो काढला तर चालेल का. म्हणलं चालेल, पण भागूबाईला विचारा, ती तिची आहे.

ओरडणं: एक. माझं नाय. भागूबाईचं, माझ्यावर. डायरीत कोणाचं लिहायचं ते गोदानं सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिलं.